पेनिसिलिनचा अर्धा तास

दवाखान्यात वीस-बावीस वर्षं नर्स म्हणून काढली की किस्से रिकाम्या बाटल्यांसारखे साचतात, टाकवत नाहीत! आमचा दवाखाना गिरगावात, दुसऱ्या मजल्यावर. लवंगेच्या तेलाचा वास, वाऱ्याने हलणारा पडदा, खालून 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'... डोळे मिटले की मी अजून तिथेच असते.

आमचे दातांचे डॉक्टर प्रत्येकाला आधी विचारायचे, "लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का?" त्या तापाने हृदयाची झडप बिघडते. मग दात काढताना तोंडातले जंतू रक्तातून तिथे जाऊन बसले, तर जिवावर बेततं. म्हणून अशांना आधी पेनिसिलिनचं इंजेक्शन आणि अर्धा तास बाकावर.

*

लालबागचा एक गिरणी कामगार रात्रपाळी करून आलेला. इंजेक्शन घेऊन बाकावर गाढ झोपला. जागा झाला आणि "काय हात डाक्टरांचो! कळलाच नाय!" म्हणत जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी घाबराघुबरा हजर. "डाक्टर, दात परत इलो!"

*

एक मास्तर इंजेक्शन घेऊन बसले आणि खालून मोर्चा निघाला. मास्तर मोर्चात, तिथून पोलिसांच्या गाडीत! चार दिवसांनी सुटून आले, बाही वर केली.

"पहिलं महाराष्ट्रासाठी झालं डॉक्टर. आता दातासाठी द्या!"

*

आणि ती मुलगी. लग्न ठरलेलं, दाढ सुजलेली. जिना चढताना तीनदा थांबली होती.

डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "छे हो! कध्धीच नाही," आई घाईने म्हणाली. मुलगी नुसती माझ्याकडे बघत राहिली.

पडद्याबाहेर बाकावर होणारी सासू. पेनिसिलिन कुणाला देतात हे अख्ख्या गिरगावाला ठाऊक. दिलं तर लग्न मोडणार, न दिलं तर... डॉक्टरांनी हातातली पकड खाली ठेवली.

त्या सासूबाईंच्या घरातल्या सगळ्यांच्या दाढा आमच्याच खुर्चीत निघाल्या होत्या. पेनिसिलिन एकालाही लागलं नव्हतं.

पडद्यापलीकडून त्यांचा आवाज आला, "डॉक्टर, पेनिसिलिन द्या हो तिला. आमच्याकडे ते घेतल्याशिवाय कुणी दातच काढत नाही. घरची रीतच आहे आमची!"