पैशांची घाई नाही

हे मी आजवर कुणापाशीच बोललो नाही. बायकोपाशीही नाही — तिला माहीत आहे ती गोष्ट वेगळीच आहे. तिच्या गोष्टीत मी भोळा आहे, जपानी रीत न कळल्यामुळे घोळ घालणारा पुणेकर. टोकियोत ओजिमाच्या आमच्या घरी मराठी मंडळी जेवायला आली की ती हा किस्सा रंगवून सांगायची. आणि मी? मीही हसायचो.

मोरिता-सान तोयोसूच्या ऑफिसात माझ्याच टीममध्ये होते. पन्नाशीचे, अबोल. आम्ही नवे होतो तेव्हा कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा, हे त्यांनी घरी येऊन, कागदावर चित्रं काढून माझ्या बायकोला समजावलं होतं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते मला ऑफिसजवळच्या खाडीच्या कडेला घेऊन गेले. मग कळलं — मुलीच्या कॉलेजची फी परवा भरायची होती, एक लाख येन कमी पडत होते. बोनस झाला की परत करीन, म्हणाले. मला त्यात काय विशेष? आपल्याकडे महिनाअखेरीला मित्राकडून उसने घेतो, कधी विसरूनही जातो. पण त्यांची मान वर होत नव्हती. इथे सख्ख्या भावापाशीही कोणी असं मागत नाही. कळलं तर लोक पुन्हा विश्वास टाकत नाहीत, असं काहीसं ते सांगत राहिले.

"तुम्ही बाहेरचे आहात, म्हणून तुमच्यापाशी बोलू शकलो."

मी मान डोलावली. संध्याकाळी पैसे दिले.

दोन महिन्यांनी क्लायंटसमोर एक चूक उघडी पडली. कुणाचं काम, असा प्रश्न आला — आणि मोरिता-साननी माझं नाव घेतलं. चूक माझीच होती. तरी मला काय वाटलं, सांगू? दगा. ज्याची लाज मी झाकली, त्यानेच माझी चव्हाट्यावर मांडली? आठवडाभर मी तेच उगाळत बसलो.

मग एकदा सगळी टीम जेवायला बसली होती. विभागप्रमुख समोरच होते. मी हसत, अगदी आपुलकीच्या सुरात जपानीत म्हणालो, "मोरिता-सान, त्या पैशांची घाई नाही हं. सावकाश द्या."

सगळ्यांच्या चॉपस्टिक्स थांबल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कोऱ्या नोटांचं पाकीट होतं, सोबत मिठाईचा डबा. त्यानंतर क्लायंटकडे त्यांना नेणं बंद झालं. काही महिन्यांत लांबच्या शाखेत बदली. मला कोणी बोल लावला नाही — परदेशी माणूस, त्याला काय कळणार, असं मोरिता-साननीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

शेवटच्या दिवशी लिफ्टपाशी आम्ही दोघंच होतो. त्यांनी हळूच विचारलं, "त्या दुपारी माझं जपानी तुम्हाला नीट समजलं नसेल, नाही का?"

मला शब्द न् शब्द समजला होता.

"नाही," मी म्हणालो. "नीट नव्हतं समजलं."

त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. मी फार भराभर बोललो, चूक माझी, म्हणाले — आणि कमरेत वाकून त्यांनी माझी माफी मागितली.

मी ती घेतली.