दोन इंच जास्तीचं कापड

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर माफ करा, माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडं आहे. चौथीनंतर शाळा सुटली.

चिकलठाण्याला शिलाईच्या वर्गाला जायला लागले, तेव्हा मशीन मला चालवता येत होती. येत नव्हतं ते बोलणं. आमच्या मॅडम रोज आधी थोडा वेळ मशीनी बंद ठेवायला लावायच्या. वेळेवर येणं, सांगितलेलं काम आपल्या तोंडानं परत सांगणं, अडलं तर विचारणं, हे शिकवायच्या. माझी पाळी आली की मी नुसती मान हलवायची.

मग जवळच्या एका कारखान्यानं शाळेच्या फ्रॉकांचं काम वर्गाला दिलं. नीट झालं तर दोघींना तिथं नोकरी मिळणार होती. मला ती फार हवी होती. लोकांची भांडी घासून हात फुटले होते.

कापायचं काम माझ्याकडं आलं. मॅडमनी शिवणीत अर्धा इंच सोडायला सांगितलं. मी मान हलवली आणि दोन इंच सोडले. लेकरांचं कापड आमच्यात असंच कापतात. पोरगी वाढली की उसवून मोठं करता येतं. शेवटच्या तीन फ्रॉकांना कापडच उरलं नाही.

कारखान्याचा माणूस म्हणाला, "कुणीतरी कापड मारलंय." माझ्या शेजारच्या मशीनवर खुलताबादहून येणारी बाई बसायची. तो तिच्या पिशवीकडं बघत राहिला. तिचा चेहरा उतरला.

बोलले तर नोकरी गेली, हे मला कळत होतं. तरी उभी राहिले. "कुणी नाय घेतलं. मीच शिवणीत जास्त सोडलं. लेकरं वाढतात म्हणून."

"मोठ्यानं सांगा, बाई," मॅडम म्हणाल्या. परत सांगितलं.

शेजारीण आधी हसली. "क्या ताई, शादी तक येच फ्राक पहनाते क्या?" मग तिनं माझा हात घट्ट धरला.

तो माणूस काही हसला नाही. कापडाचे पैसे मागितले. मॅडमनी आपल्या पर्समधून दिले आणि मला म्हणाल्या, "हे माफ नाहीत बरं का. कमवून द्यायचे."

नोकरी दुसऱ्या दोघींना लागली. काही महिन्यांनी त्याच कारखान्यात जागा निघाली. ही बाई चूक लपवत नाही, असं मॅडमनी तिथं सांगितलं आणि मला बोलावणं आलं. आता साहेबांनी काम सांगितलं की मी ते मोठ्यानं परत सांगते. बाया हसतात. हसू देत.

दर पगाराला थोडे थोडे देत गेले. परवा शेवटचे दोनशे मॅडमच्या हातात ठेवले. त्यांनी ते मोजून घेतले आणि म्हणाल्या, "फिटले सगळे."