शिडीच्या उलट्या बाजूने

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआला आलो त्या पहिल्या वर्षी मला नोकरी नव्हती. नवरा वेलिंग्टनला ऑफिसला गेला की मी लायब्ररी गाठायचे. तिथे एका मध्ययुगीन फ्रेंच सरदाराचं चरित्र हाती लागलं. पोरवयातच लढाईवर गेलेला हा माणूस पुढे सेनापती झाला. पण मी अडकले ती त्याच्या व्यायामाच्या पानावर. अंगात पोलादी चिलखत घालून तो भिंतीला टेकवलेल्या शिडीवर उलट्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूने लोंबकळत चढायचा, तेही पाय न लावता, नुसत्या हातांनी.

"शक्यच नाही," नवरा म्हणाला. "लिहिणाऱ्याने फेकलंय."

"करून बघू या ना."

शनिवारी आम्ही गराजच्या भिंतीला शिडी लावली. नवऱ्याने पायरी धरून पाय उचलले आणि लगेच टेकवले. माझी गत त्याहून वाईट.

शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. ते अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. काय चाललंय ते मी सांगितलं. ते हसले नाहीत. घरात जाऊन जुना जाडजूड फायर-कोट चढवून आले, शिडीखाली लोंबकळले आणि चक्क एक पायरी वर सरकले. दुसऱ्या पायरीला हात सुटला.

"तरुणपणी जमलं असतं," दंड चोळत ते म्हणाले. "पुढे काय झालं त्याचं?"

चहा घेताना मी सांगितलं. इंग्रजांशी मोठी लढाई झाली, फ्रेंच हरले, हा जिवंत सापडला. त्याला इंग्लंडला नेलं. सुटकेची बोलणी फिसकटली आणि तो तिथेच कैदेत वारला.

"असल्या अंगाचा माणूस दिवसभर करायचा काय तिथे? इंग्रजी शिकला का?"

माझ्या पुस्तकात कैदेवर जेमतेम अर्धं पान होतं. लायब्ररीतल्या बाईंनी माझ्यासाठी दुसऱ्या गावाहून एक जाडं पुस्तक मागवलं. त्यात त्याच्या प्रार्थनेबद्दल होतं, मृत्युपत्राबद्दल होतं, भाषेबद्दल अक्षरही नव्हतं. मी तसं आजोबांना कुंपणापाशी सांगितलं, तेव्हा नवराही सोबत होता.

"शिकायची गरजच काय?" नवरा म्हणाला. "त्या काळी इंग्रज सरदारांना फ्रेंच यायचंच."

"सरदारांना," आजोबा म्हणाले. "आणि जेवण आणून देणाऱ्याला?"

नवरा हट्टाला पेटला. पुढच्या शनिवारी याचं उत्तर शोधायला तो माझ्याबरोबर लायब्ररीत आला.