छायाची वॉटरबॅग

"शिकवणी त्यांच्या घरी. ओसरीवर सतरंजी टाकतील, चहा तिथंच मिळेल. संध्याकाळी पाच ते सहा," हेडसर म्हणाले. ते विचारत नव्हते, टाइमटेबल सांगत होते.

"मी जाणार नाही, सर."

सरांनी पेन खाली ठेवला. पुढ्यात दाखल्यांचा गठ्ठा होता. लातूर नुकताच स्वतंत्र जिल्हा झाला होता, पण शाळेचे छापील कागद जुनेच होते. त्यामुळे सर दिवसभर 'उस्मानाबाद' खोडून वर 'लातूर' लिहीत बसत.

"बाई, कोणाच्या घराबद्दल बोलताय, कळतंय ना?"

चांगलं कळत होतं. दादासाहेब आमच्या संस्थेचे संचालक. निलंग्यात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांची मुलगी छाया माझ्याच वर्गात, दहावीला. सहामाहीत तिला गणितात सतरा मार्क पडले होते. मार्चमध्ये पास झाली तर कॉलेज, नापास झाली तर उन्हाळ्यात लग्न, असं दादासाहेबांनी घरात जाहीर करून टाकलं होतं. स्थळ बघून ठेवलेलं होतं. पोरगी पंधरा वर्षांची होती.

तिच्यासाठी मास्तर शोधायची कामगिरी हेडसरांवर आली होती. पहिला मास्तर लातूरचा, नाव कमावलेला. त्यानं मार्कांचा कागद बघितला आणि परत केला. हे लोक हुशार मुलंच घेतात आणि निकाल लागला की आपल्या नावाची पाटी मोठी करतात. दुसरे एक रिटायर्ड गुरुजी घरी येऊ लागले. ते सोडवलेली गणितं सांगत, छाया उतरवून घेई. वही अशी सुंदर झाली की विचारू नका. चाचणीत मार्क पडले नऊ. तिसरा तरुण होता, बी.एस्सी. झालेला, हुशार. पण तो बिनलग्नाचा म्हणून घरातूनच नकार आला. राहिले मी. तालुक्यात गणित शिकवणारी बाई दुसरी नव्हती.

"का जाणार नाही?" सरांनी विचारलं.

आम्ही बौद्ध. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी अशाच एका मोठ्या घरी शिकवायला गेले होते. तिथं माझा कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. कानतुटका. चहा झाला की मी तो स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. दोन महिने मी तो कप विसळला. त्याचा राग मला आजही येतो. त्या घराचा कमी, माझा जास्त.

हे सगळं मी सरांना सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "शिकायचं तिला आहे. तिला माझ्या घरी पाठवा. फी नको."

"अहो, दादासाहेबांची मुलगी तुमच्या वस्तीत येऊन बसेल?"

"गणित येत नसेल तर बसेल."

"तुमचं प्रोबेशन संपायला आलंय. कायम करायची फाईल त्यांच्याच टेबलावर जाते. जरा समजून घ्या."

"जाऊ द्या की. मी काही फाईलला शिकवत नाही."

घरी आई आणि धाकटी बहीण माझ्या पगारावर होत्या. पण बोलले ते बोलले.

आठ दिवसांनी सरांनी वऱ्हांड्यात गाठलं. आवाज खाली आणून म्हणाले, "छाया येईल. पण त्यांची एक अट आहे. तुमच्याकडं खाणार-पिणार नाही. पाणी तिचं ती आणील."

"आणू द्या. गणिताला पाणी लागत नाही."

अशी छाया आली. दोन वेण्या, हातात ती सुंदर वही आणि खांद्याला लाल वॉटरबॅग. सतरंजीवर बसली ती अगदी कडेला. वॉटरबॅग मांडीवर धरून.

वही मी बाजूला ठेवली. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. दहावीत गणित अडलं की दहावीचं पुस्तक उघडायचं नसतं. मागं मागं जायचं, पोरगं कुठल्या इयत्तेत पडलं ते शोधायचं. मी नववीचं गणित घातलं, आठवीचं घातलं, सातवीचं घातलं. शेवटी पाटीवर लिहिलं, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश.

तिनं झटकन लिहिलं, दोन पंचमांश. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली.

"छाया, अर्धी भाकरी म्हणजे किती?"

"अर्धी."

"ताटात अर्धी होती. आईनं आणखी वाढली. आता तुझ्या हिशेबानं ताटात अर्ध्याहून कमी भाकरी राहिली. कुणी पळवली?"

ती बघत राहिली. मग तोंडाला हात लावून हसायला लागली. "बाई, हे मला कुणी इचारलंच न्हाई कवा."

पाचवीतला अपूर्णांक. पाच वर्षं हे दुखणं घेऊन पोरगी वर वर ढकलली गेली होती. आम्ही भाकरीपासून सुरुवात केली. महिन्याभरात अपूर्णांक बसले, मग समीकरणं हलायला लागली. भूमितीत तिला मी स्टेपच्या मार्कांची सवय लावली. बोर्डाच्या पेपरात उत्तर चुकलं तरी बरोबर लिहिलेल्या प्रत्येक पायरीला मार्क असतात. कोऱ्या कागदाला कुणी मार्क देत नाही. "पक्ष लिही, साध्य लिही, आकृती काढ, आणि जिथवर येतं तिथवर जा," एवढं मी रोज घोकून घेतलं.

दादासाहेबांचा मुक्काम त्या दिवसांत लातूरलाच असे. जिल्हा नवा, कमिट्या नव्या, खुर्च्या नव्या. इकडे निलंग्यात पाणी आटत चाललं होतं. आधी आड गेले, मग नळ. संक्रांतीनंतर टँकर सुरू झाला, तोही कधी येई, कधी येत नसे. आमच्या वस्तीत मात्र सरकारनं आदल्या वर्षीच हापसा बसवला होता. त्याला पाणी टिकलं. पंचवीसदा दांडा मारला की धार यायची, पण यायची.

एका संध्याकाळी मी छायाला प्रमेय लिहायला सांगितलं. ती ओठांवरून जीभ फिरवत बसली होती. वॉटरबॅग मांडीवर नव्हती, बाजूला आडवी पडली होती. रिकामी.

"टँकर आला नाही का?"

"तीन दिवस झाले, बाई." मग खाली बघून म्हणाली, "तुमच्या माठात हाय का थोडं?"

मी उठून माठाकडं गेले. ग्लास भरून दिला. तिनं तो एका दमात संपवला आणि दुसरा मागितला. जाताना माझ्या आईनं तिची वॉटरबॅग काठोकाठ भरून दिली. आई कडवट हसून मला म्हणाली, "येताना भरलेली आणायचा हुकूम होता ना गं?"

दुसऱ्या दिवसापासून वॉटरबॅगबरोबर कळशीही येऊ लागली. पोरगी तासभर गणित करी, मग रांगेत उभी राहून हापसा मारी आणि कळशी कमरेवर घेऊन घरी जाई. वस्तीतल्या बायका आधी कुजबुजल्या, मग तिला रांगेत पुढं घ्यायला लागल्या. परीक्षा होईपर्यंत हे चाललं. दादासाहेबांना हे ठाऊक असेल, असं मी धरून चालले होते. मनात म्हणायची, अट कुठं गेली आता? मला त्याचा आनंद होत होता, खोटं कशाला सांगू.

जूनमध्ये निकाल लागला. छाया पास. गणितात एकोणसत्तर. मार्कांचा कागद मी तीनदा वाचला.

त्याच संध्याकाळी छायाची आई आमच्या दारात उभी. डोक्यावर पदर, हातात पेढ्यांचा पुडा, मागं छाया. मी माठातून तांब्या भरला आणि उंबऱ्यातूनच पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. तांब्याकडे बघत उभ्या राहिल्या.

माझं डोकं तापलं. "वहिनी, हे ह्याच हापशाचं पाणी आहे. दोन महिने तुमच्या रांजणात होतं. छायानं सांगितलं नसेल घरी."

"ती काय सांगती? कळशी म्याच देत होते की तिच्याजवळ." त्यांचा आवाज शांत होता. "वॉटरबॅगची अट ह्यांची. तुमच्याकडं धाडायचं म्या लावून धरलं. मला सातवीतून काढलं होतं शाळेतून, बाई. पाणी टँकरचं हाय म्हणून सांगायची ह्यांना. लातूरहून आले की तांब्यावर तांब्या पेत होते. म्हणायचे, औंदा टँकरचं पाणी लई गोड लागायलंय."

मागं छाया खुदकन हसली. मला मात्र हसू आलं नाही.

"मग हे का पीत नाही तुम्ही?"

"बसा म्हणता का न्हाई, त्याची वाट बघायलेय."

मी उंबऱ्यात आडवी उभी होते. त्या बाहेर. कानतुटका कप झटकन डोळ्यांपुढं आला.

"या. आत या, वहिनी. बसा."

त्या सतरंजीवर बसल्या, अगदी मधोमध, आणि तांब्या खाली ठेवायच्या आत रिकामा केला. मग आईनं चहा टाकला.

मी कायम झाले, पण वर्षभर उशिरा. फाईल अडली होती, ती का अडली हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारायला गेले नाही. छाया लातूरला कॉलेजात गेली. पुढं तिनं बँकेत नोकरी धरली.

दादासाहेबांना मी मनातल्या मनात एका स्टेपचा मार्क दिला, मुलगी पाठवली म्हणून. उत्तर चूकच. पूर्ण मार्क त्यांच्या बायकोचे. आणि माझा पेपर मी स्वतः तपासते तेव्हा सगळं बरोबर लिहून शेवटच्या ओळीत, त्या उंबऱ्यात, चुकलेली दिसते, तिथले मार्क मी दरवेळी कापते.