सुमी बोटीक भियता

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवळात गाऱ्हाणं घालतानाही नाही — देवापुढे उभी राहिले की नेमकं हेच सोडून बाकीचं सगळं बोलायचे. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी नाही.

सुमी माझ्या धाकट्या दिराची मुलगी. आई बाळंतपणात गेली, बाप मुंबईला नोकरीला, म्हणून पोर माझ्याकडे. लोक म्हणत, आईवेगळ्या पोरीचं पोटच्यासारखं करते. ऐकायला बरं वाटे. पोर मात्र मला नको होती. का? वाईट नव्हती ती. चुलीपाशी, विहिरीवर, जाईन तिथे पदर धरून मागे — मला त्याचा कंटाळा यायचा. एवढंच.

दिराने दुसरं लग्न केलं आणि मे महिन्याच्या सुट्टीत सुमीला बोलावलं. तेव्हा मुंबईला जायचं ते आगबोटीने. बोट मालवणच्या किनाऱ्याला लागत नसे. बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि माणसांना तिथवर पडावातून नेत. त्या हलत्या पडावाचीच सुमीला भीती. साधीसुधी नव्हे — पडावाजवळ नेलं की ओकायची, दातखीळ बसायची. सगळ्या वाडीने पाहिलेलं.

ती भीती मी घालवली. यात खोटं नाही. रोज तिला किनाऱ्यावर न्यायचे. वाळूत ओढून ठेवलेल्या होडीत आम्ही दोघी झावळांचे हीर काढत बसायचो, केरसुणीसाठी. होडी हलत नाही म्हटल्यावर ती बसू लागली. मग भरतीचं पाणी होडीखाली येईपर्यंत बसू लागली. एकदा होडी जरा उचलली गेली, तशी माझा दंड धरून विचारते, "काकी, ही आमका घेवन जाता काय गो?"

"जावंदे. माका रांधूचा तरी चुकतला."

हसली. त्यानंतर ती कधी ओकली नाही.

जायच्या दिवशी पाण्याच्या कडेला उभी राहून तिने एकच विचारलं, "मी परत येतलंय मां?"

"शाळा सुरू होवच्या आदी येतलंस," मी म्हटलं. ती वाडीतल्या सोबतीबरोबर पडावात चढली, फळीवर नीट बसली आणि मला हात केला.

सुट्टी संपत आली तसा एका चाकरमान्याकडून — मुंबईत नोकरी करणाऱ्या गावच्या माणसाला आम्ही चाकरमानी म्हणतो — दिराचा निरोप आला. पोर परत यायला रडते आहे, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत पाठवतो.

मी काय सांगितलं? "सुमी बोटीक भियता. हयसून मी होतंय म्हणान चढला. थयसून कोण चढयतलो? चेडवाचा काय तरी होईत."

भीत होती, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, भिते. चाकरमान्याला संशय कशाला येईल? जुनं सगळं त्याला ठाऊकच होतं.

दिवाळीला पुन्हा निरोप. सुमी म्हणते, मी आता भीत नाही. ते ऐकून मला लाज वाटली का? — नाही. मी सांगून पाठवलं, पोर आहे, यायला मिळावं म्हणून बोलते, तिचं ऐकू नका.

पुढच्या मे महिन्यात बापानेच हट्टाने तिला मुंबईच्या धक्क्यावर नेलं. बोट बघून तिची दातखीळ बसली. वर्षभर घरातली सगळी माणसं तिला सांगत होती, तू भितेस. एकटी पोर किती दिवस नाही म्हणणार? दिराचा निरोप आला — वहिनी, तुमचंच खरं होतं. त्यानंतर विषय संपला. माझ्या मनासारखं झालं.

ती आली ती थेट लग्नानंतर, एस.टी.ने, नवऱ्याला घेऊन. बोलणं पार मुंबईचं झालेलं. जेवताना नवऱ्याला सांगत होती, "काकीने किती केलं माझ्यासाठी! होडीत घेऊन बसायची. मीच मेली भित्री, नाहीतर इथेच वाढले असते."

नवरा हसला. "अजून तशीच आहे. रस्त्यात पाणी साचलं तरी माझा हात सोडत नाही."

"गप बसा हो," ती म्हणाली आणि लाजली.

मी समोरच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. तिचा नवरा चांगला होता, सुमीही रागावली नसती कदाचित — आणि रागावली असती तरी तो तिचा हक्क होता. मी विचारलं, "सोलकढी वाढू गो?"

तिने वाटी पुढे केली. "वाढ ना. तुझ्या हातची प्यायलाच आलेय मी."

मी वाढली.