जिनातल्या विहिरीचं पाणी

आईला उत्साह चढला की पहिली खबर घरातल्या भांड्यांना लागते. त्रेसष्ट सालच्या त्या रविवारी पहाटेपासून ती पितळी लोटा चिंचेनं घासत होती आणि मला, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मास्तरणीला, दमात घेत होती.

"मैने, उठ व! तिकडं उद्या इहीर बुजवून राहिले न् तू झोपून राहिली!"

विहीर म्हणजे धामणगावच्या बंद पडलेल्या जिनातली. कापसातून सरकी काढायचा तो कारखाना चालू होता तोवर माझी आई, इंदूबाई, तिथे कापसातला कचरा निवडायची. विहिरीला आम्हा महारांचा हात लागायचा नाही. पाणक्या श्रावण उंचावरून पाणी सोडायचा आणि आई खाली ओंजळ धरून प्यायची. निम्मं नाकात जायचं. अजून तहान भागायची असतानाच "आटप इंदे" म्हणून तो बादली उचलायचा. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. त्याच दिवशी आईनं जाहीर केलं की त्या विहिरीचं पाणी आता स्वतःच्या हातानं काढून प्यायचं. पण जिनाला तोवर टाळं लागलं होतं, आणि आईच्या मागची कामं काही संपत नव्हती. आता पोरं-जनावरं पडतील म्हणून सोमवारी विहीर बुजवणार होते.

"पाहू दे, कोन अडवते त!" लोटा, बादली आणि नवा दोर घेऊन आई निघाली.

"तिथं आहे कोण अडवायला? घुबड?" मी म्हटलं. तिनं लक्षच दिलं नाही.

फाटक वेलींनी गच्च झालं होतं. पडक्या भिंतीतून आत शिरलो आणि मीच थक्क झाले. इंजिनघराला छप्परच नव्हतं, आतून पिंपळ वर गेला होता. गाठी दाबायच्या यंत्रावर पोपटांचा कलकलाट चालला होता. अंगणभर सांडलेली सरकी उगवून माणसाएवढी कपाशी झाली होती, आणि बोंडं फुटून नुसती पांढरी.

"पाह्य, पाह्य!" आई ओरडली. "मालक गेला, पण सरकी अजून कामावर हाये!" मग ती त्या कपाशीतून पोरीसारखी धावत सुटली. "इथं माही जागा! इथं तुही झोळी बांधेल होती!" मला हसू आवरेना.

विहिरीपाशी मात्र ती थबकली. काठावर श्रावण बसला होता. मालकानं जाताना त्याला राखणीला ठेवला होता. पार म्हातारा झाला होता.

"कायले आली, इंदे?"

"पानी प्याले आली. आन् इंदे नाई, इंदूबाई."

आईनं पदर खोचला, बादली सोडली. मी दोराला हात लावायला गेले तर खेकसली, "दूर हो! हे माह्यं काम हाये." बादली वर आली. लुगड्याच्या पदरातून गाळून तिनं लोटा भरला, डोळे मिटून प्याली, पुन्हा भरला, पुन्हा प्याली.

"गोड हाये व, मैने!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माझ्याही. इतका आनंद मी तिच्या तोंडावर त्याआधी पाहिला नव्हता.

"इंदूबाई," श्रावण हळूच म्हणाला, "मलेही पाज. दोर ओढनं होत नाई आता." तो वाकला आणि त्यानं ओंजळ पुढे केली.

मला भयंकर राग आला. "वरून सोड, आई! जाऊ दे नाकात!"

आईनं माझ्यावर डोळे वटारले. मग तिनं लोटा भरून त्याच्यापुढे धरला.

"ओंजळ सोड. लोटा धर. प्याचं असंल त माह्या भांड्यातून पे, नाई त राहू दे."

श्रावणानं लोट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फाटकाकडे. तिथं कुणी नव्हतं. थोडा वेळ ओंजळ तशीच राहिली. मग ती सुटली. दोन्ही हातांनी लोटा घेऊन त्यानं तोंडाला लावला.

अर्ध्यावर तो अडखळला आणि लोटा तोंडाशी तसाच धरून आईकडे पाहू लागला.

"पे, पे," आई म्हणाली. "सावकाश पे. मी आटप नाई म्हनत."