रिकाम्या नळीतली चरबी

आमचे सर शास्त्रज्ञ कमी आणि फोटोला उभे राहणारे जास्त. पीएचडीची सहा वर्षं मी या माणसाच्या हाताखाली काढली. त्यातून बंगळूरच्या त्या संस्थेत मराठी बोलायला मला तोच एक मिळाला. नशीब म्हणतात ते हे.

काम तसं साधं होतं. शहराजवळच्या आनेकल गावातल्या नाचणीच्या शेतातून माती आणायची, तिच्यातले तिळाहून बारीक किडे वेचायचे आणि त्यांच्या अंगातली चरबी काढून तपासायची. किडा जे खातो, त्यातली थोडी चरबी त्याच्या अंगात जशीच्या तशी उतरते. एक ठरावीक चरबी सापडली की समजायचं, स्वारीने बुरशी खाल्ली. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या एका गोष्टीवर अडलं होतं, आणि मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती.

किड्यांच्या नळ्यांबरोबर एक नळी रिकामी ठेवतात, फक्त रसायनं घालून. तिच्यात चरबी निघाली तर घाण आपणच केली, असा अर्थ.

त्या दिवशी सर घरून आलेला चिवडा चघळत आत आले. प्रयोगशाळेत खायचं नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं. "अगं, एक फोटो काढून टाकू," म्हणाले, आणि त्याच तेलकट बोटांनी झाकणं उघडून नळ्या ओळीत मांडल्या. हातमोजे फोटोत चांगले दिसत नाहीत म्हणे! मी फोटो काढला.

आलेख आला. सगळ्या किड्यांनी बुरशी खाल्ली होती. रिकाम्या नळीनेसुद्धा. बुरशीची म्हणून जी चरबी आम्ही शोधत होतो, ती खायच्या तेलातही भरपूर असते. मी रिकाम्या नळीचा आलेख सरांपुढे ठेवला.

"किडे उरलेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. पुढच्या हंगामात पुन्हा वेचावे लागतील."

"मग हा एक कागद काढून टाक. रिकामी नळी कोण बघतंय?"

मी त्यांना मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली आणि कागद काढून टाकला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी नेमकं तेच विचारलं. रिकामी नळी तपासली होती का, काही निघालं का?

"तपासली होती, मॅडम. स्वच्छ होती."

बाहेर आल्यावर सरांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "आता शोभतेस माझी विद्यार्थिनी." मला शिसारी यायला हवी होती. मला बरं वाटलं.